घोड्याचा उजवा डोळा

"हा खडा तो नव्हेच. काच बसवलीय कुणीतरी," दारोगा सुंबुल पुटपुटला. इतक्या जवळून, की त्याच्या तोंडातल्या वेलदोड्याची वाफ माझ्यावर बसली.

मित्रांनो, मी खंजिराची एक जुनी मूठ आहे. आग्र्यात दुधी हिरव्या दगडातून घोड्याचं मुंडकं कोरून मला घडवलं. टेकचंद जडियाने माझ्या डोळ्यांच्या जागी दोन माणकं बसवली. ती जरा फिकी होती, म्हणून प्रत्येकाखाली लाल वर्ख घातला आणि कडेने शुद्ध सोनं दाबलं. बादशहांनी मला मिर्झा फरीदून बेगांना बहाल केलं, तेव्हा सारा दरबार माझ्याकडे बघत राहिला.

आणि आता माझा उजवा डोळा मातकट झाला होता. जो तो मला उन्हात धरायचा, मग शेजारच्याच्या हातांकडे बघायचा. मला खरं ठाऊक होतं. पण तोंड असून काय उपयोग, तेही घोड्याचं! मी एकेकाला निरखायचे. हा बोलेल? की हाही गिळून बसेल?

शेवटी टेकचंदला धरून आणलं.

"खडा कुठे विकलास? खरं बोल, नाहीतर बोटं छाटीन," मिर्झा म्हणाले.

"हुजूर, आधी बघू तर द्या. बोटं असेपर्यंतच बघता येईल."

त्याने सळईने सोन्याची कड उचलली. खडा अस्सल निघाला. खालचा वर्ख मात्र काळाठिक्कर.

"पाणी शिरलंय," टेकचंद म्हणाला.

"म्हणजे कड कच्ची!" सुंबुल खेकसला. "बादशहांच्या भेटीत कच्चं काम? बोटं तरीही जातील."

"दारोगाजी, माझ्या कडेतून शिंतोडा आत जात नाही. हिला कुणीतरी बुडवलंय."

सुंबुल गालिच्याची नक्षी मोजू लागला. मला बुडवलं त्या मेजवानीत ताट धरून तोच तर उभा होता! मिर्झांनी पगडी सारखी केली. शिपायाने टेकचंदचं मनगट धरलं.

मित्रांनो, जडावाची वस्तू पाण्यात घालू नका. आणि ती बिघडलीच, तर आधी कारागिराचे हात तपासू नका, आपले बघा.

कोपऱ्यात माहरू दाई सुपारी कातरत होती. मिर्झांना तिनेच अंगावर पाजून वाढवलेलं. तिने अडकित्ता खाली ठेवला.

"सोड रे त्या म्हाताऱ्याला! फरीदून, बेटा, बादशहांच्या खंजिराने खरबूज कापलंस तू. आणि मूठ चिकट झाली म्हणून खंजीर गुलाबपाण्यात बुडवलास, तोही तूच."