कालवणापुरतं

जोगेपो गावच्या बायकांकडून खरा आकडा आजवर कुणालाच काढून घेता आला नव्हता. नवऱ्यांना नाही, व्यापाऱ्यांना नाही, सरकारला तर नाहीच. त्या खोटारड्या होत्या असं मुळीच नाही. एरवी तोंडावर खरं सांगून सुनेला रडवतील अशा त्या. पण ओहोटीला खाजणाच्या चिखलात उतरून तिसऱ्यांच्या शिंपल्या काढून आणल्या आणि वाटेत कुणी विचारलं, "काय, किती मिळालं?" की उत्तर ठरलेलं, "कुठलं काय, कालवणापुरतं!" मग टोपलीच्या ओझ्यानं कंबर मोडायला का आलेली असेना. समुद्राला कान असतात आणि त्यानं दिलेलं कुणी मोजतंय असं कळलं की तो हात आखडता घेतो, अशी तिथली समजूत. विचारणाऱ्यालाही हे ठाऊक असायचं. तोही भरलेल्या टोपलीकडे बघून म्हणायचा, "अरेरे, उपाशी मरणार तुम्ही." मग दोघं हसत आपापल्या वाटेला लागायची.

मालसुनची टोपली त्या गावात सगळ्यात जड. कमरेला दोर बांधून, हातभर लांबीचं लोखंडी पातं चिखलातून ओढत ती उलट्या पावलांनी चालायची. पातं शिंपलीला अडलं की बारीकसा टक् व्हायचा. तो कानाला ऐकू येत नाही, कमरेला येतो, असं ती सांगायची. तिचा नवरा बुसानच्या गोदीत कामाला म्हणून गेला आणि तिकडचाच झाला. तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती. त्या मुलीला, मिरानला, मालसुननं त्या चिखलाच्या जिवावर वाढवलं आणि शिकवलं.

मिरानला सोलच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला तेव्हा गावात पहिला प्रश्न आला तो, ही नेमकं शिकणार काय. पर्यावरणशास्त्र आणि धोरण, हे कुणाच्या जिभेवर बसेना.

"म्हणजे शेवटी होणार कोण ती?" काप्सुन मावशीनं विचारलं. ही मालसुनची शेजारीण, खाजणातली जन्माची जोडीदारीण.

"चिखलाची डॉक्टर," मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष प्यो काका म्हणाले.

"चिखलाला काय धाड भरलीय?" मालसुन म्हणाली. पण त्या दिवशी तिनं गावाला जेवण घातलं आणि चिखलाची डॉक्टर हा शब्द स्वतःच चार जणींना ऐकवला.

मिरान तिसऱ्या वर्षाला होती तेव्हा खाडीच्या तोंडावर बांध घालायची योजना आली. बांध झाला की आत भरतीचं पाणी येणार नाही, खाजण सुकेल, कारखान्यांना जमीन मिळेल. पण त्याआधी त्या खाजणावर किती लोकांचं पोट आहे ते तपासून अहवाल द्यायचा कायदा होता आणि ते काम मिरानच्या विभागाकडे आलं. तिचे प्राध्यापक मेंग सर मोठे काटेकोर. खाजणातली मुलगी आयती हाताशी आहे म्हटल्यावर घरोघरचे फॉर्म भरायचं काम त्यांनी तिलाच दिलं.

"एक लक्षात ठेव," ते म्हणाले. "समोरचा सांगेल ते लिहायचं. आपलं एक अक्षर घालायचं नाही. आपलं अक्षर पडलं की ते संशोधन नव्हे, वकिली झाली."

मिरान ट्रेननं आणि मग बसनं गावी आली, हातात त्रेसष्ट घरांचे त्रेसष्ट फॉर्म घेऊन. पहिला फॉर्म आईचा.

"दिवसाला सरासरी किती टोपल्या मिळतात?"

"कालवणापुरतं."

"आई, हे कागदावर जाणार आहे."

"मग तर मुळीच सांगायची नाही. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं राहतं. समुद्र काय अडाणी आहे?"

"टोपलीच्या मापात सांग ना गं."

"पाव लिही. बरं, राहू दे, अर्धी लिही. पाव म्हटलं तर तुझ्या सरांना आपली दया यायची." आणि मग तिनं डोळा बारीक करून विचारलं, "काप्सुननं किती सांगितलं?"

"तिच्याकडे अजून गेले नाही."

"अर्धीच सांगेल बघ. माझ्यापेक्षा जास्त सांगायची नाही ती, मेली तरी."

काप्सुन मावशीनं अर्धीच सांगितली. सगळ्यांनीच पाव, अर्धी, फार तर पाऊण. सरकारला गरीब दिसलेलं बरं, सरकार गरिबाच्या वाटेला जात नाही, असंही प्यो काकांनी वर समजावलं होतं. शहाण्या माणसानं केलेली चूक निस्तरायला फार जड जाते. ही तशी होती.

मिरानला खरं माहीत नव्हतं थोडंच? पाच पाच टोपल्या उपसून आणलेल्या आईच्या पाठीला तिनं लहानपणापासून तेल चोळलं होतं. तिनं प्रत्येक फॉर्मच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं, "येथे आकडा कमी सांगण्याची रीत आहे. खरा आकडा दहापट असावा." आणि परतीच्या बसमध्ये, गाव मागे पडता पडता, तिला घाम फुटला. सर म्हणणार, आपल्या गावाची वकिली केलीस. वर्गातली मुलं आधीच तिच्या बोलण्याला हसायची. तिनं रबर काढलं आणि एकेक फॉर्म मांडीवर घेऊन त्रेसष्टही ओळी खोडून टाकल्या. सोल येईपर्यंत तिचा स्कर्ट रबराच्या चुऱ्यानं भरला होता.

तिला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. फॉर्म कसे भरावेत याचा नमुना म्हणून सरांनी तिचे कागद पुढच्या वर्गाला दाखवले. अहवालात एक ओळ आली, "दर घरी दिवसाला सरासरी अर्धी टोपली, उपजीविकेच्या दृष्टीने खाजण नगण्य." त्या ओळीवर बांधाला मंजुरी मिळाली.

गाव जागं झालं ते पहिले दगडांचे ट्रक आल्यावर. हरकती गेल्या, मोर्चे गेले आणि शेवटी जनसुनावणी लागली, जोगेपोच्याच सोसायटीच्या सभागृहात. काप्सुन मावशी सगळ्यांत आधी उभी राहिली. खिडकीबाहेरच्या समुद्राकडे पाठ करून, ती आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलली, "साहेब, मला रोज चार टोपल्या मिळतात." सुनावणीचा अधिकारी हसला. "मावशी, गेल्या वर्षी अर्धी होती. बांधाची बातमी लागताच तिसऱ्यांना पिल्लं झाली का?" मागून कुणी तरी खिदळलं. त्यानंतर अकरा जणी बोलल्या. पण एकदा खोटं ठरलेलं तोंड, त्याला कोण विचारतो?

दुसऱ्या दिवशी सुनावणी पुढे चालणार होती. संध्याकाळी प्यो काका मालसुनच्या घरी आले. मिरान हरकतींसाठीच सुट्टी काढून आलेली होती.

"पोरी, आता सगळं तुझ्यावर आहे," ते म्हणाले. "बायकांनी सांगितलं एक आणि मी लिहिलं दुसरं, एवढंच बोल. पाहणी रद्द होते. नव्यानं करावी लागते. तोवर एक दगड पडायचा नाही. वकिलाला विचारून आलोय."

"आणि हिचं काय होईल?" मालसुननं विचारलं.

मिराननंच सांगितलं, "खोटे फॉर्म भरले म्हणून काढून टाकतील. पुन्हा कुठं प्रवेश मिळणार नाही. पण मी बोलणार आहे, आई. मी ठरवलंय."

मालसुननं कोबीची पानं मिठात चोळायचं थांबवलं नाही. "जेवून घे आधी," एवढंच ती म्हणाली.

सकाळी सभागृह खचाखच भरलं होतं. अधिकाऱ्यानं पहिला फॉर्म काढला आणि मिरानचं नाव पुकारलं. मिरान उठायला लागली तोच आईनं तिची बाही धरून तिला खाली ओढलं आणि आपण उभी राहिली.

"तुम्हाला बोलावलेलं नाही," अधिकारी म्हणाला.

"फॉर्म माझा आहे."

"बरं. हा तुमच्या मुलीनंच भरलाय. तिनं चुकीचं लिहिलं का?"

"नाही. मी बोलले तेच लिहिलं तिनं. अक्षर बघा की, किती सुबक आहे."

"मग खरं सांगा. किती मिळतं खाजणात?"

भरतीची वेळ होती, खिडकीखाली पाणी धक्क्याला थपडा मारत होतं. मालसुननं एकदा तिकडे बघितलं, एकदा लेकीकडे.

"कालवणापुरतं," ती म्हणाली आणि खाली बसली.

मागे काप्सुन मावशीनं हंबरडा फोडला. मिरानला अजूनही उठता आलं असतं. पाय होते, तोंड होतं, आई मला वाचवतेय असं ओरडता आलं असतं. ती बसून राहिली. खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची लाज तिला जन्मभर पुरणार होती.

आठवड्याभरात हरकती फेटाळल्या गेल्या.

गावानं मालसुनला शिव्या दिल्या नाहीत, दगड मारले नाहीत. नोव्हेंबरात सगळ्या बायका एकत्र बसून घरोघरची हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालतात, आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. त्या वर्षी मालसुनला कुणी बोलावलं नाही आणि तिच्या अंगणातही कुणी आलं नाही. चाळीस कोबी तिनं एकटीनं चिरले, खारवले, मसाला चोळून भरले. भिंतीपलीकडे काप्सुन मावशीच्या अंगणात हसणं चाललेलं तिला ऐकू येत होतं. फोनवर मिरानला ती म्हणाली, "यंदा किमची झकास झालीय. गर्दी नव्हती ना, हात नीट चालला."

बांध पुरा झाला. मिरानला पदवी मिळाली. समारंभाला मालसुन ठेवणीतले कपडे घालून सोलला आली, पदवीचा कागद दोन बोटांत धरून म्हणाली, "केवढा जाड आहे गं!" आणि दिवसभर तो स्वतःच्या हातात वागवला. मिराननं तेव्हा पुष्कळदा तोंड उघडलं. रबराची गोष्ट सांगायची होती. पण आईचा चेहरा इतका उजळलेला होता की तिची जीभ रेटेना.

मे महिन्यात, वरच्या पदवीचं पुस्तक वाचताना, तिला एक परिच्छेद सापडला. पाणी तोडलेल्या खाजणातल्या शिंपल्या महिनोन् महिने चिखलात खोल जीव धरून राहतात. मग कधी तरी पाऊस पडतो. त्यांना वाटतं, भरती आली. त्या सगळ्या वर येतात. आणि वर काहीच नसतं. मिराननं हवामानाचा अंदाज बघितला. जोगेपोला दोन दिवस जोराचा पाऊस होता. तिनं पुस्तक मिटलं आणि पहिली ट्रेन धरली.

पाऊस थांबला होता. गावातल्या सगळ्या बायका जुन्या किनाऱ्यावर उभ्या होत्या. समोर नजर पोचेल तिथवर चिखल पांढरा झाला होता. लाखो तिसऱ्या, एकीला लागून एक, तोंडं उघडून पडलेल्या. वास सुटायला लागला होता. आणि त्या पांढऱ्यात मधोमध मालसुन एकटी बसली होती, टोपली शेजारी पालथी.

मिरान बूट काढून आत गेली. पायाखाली शिंपल्या कडाकडा फुटत होत्या. आईजवळ जाऊन ती मटकन बसली आणि तिला रडू आवरेना.

"आई, मी लिहिलं होतं गं. कडेला लिहिलं होतं, हे खोटं आहे म्हणून. बसमध्ये खोडलं मीच. भ्याले. तू बोलायच्या आधीच मी सगळं घालवलं होतं."

मालसुननं एक शिंपली उचलली, तिचं उघडं तोंड अंगठ्यानं मिटवून बघितलं. ते मिटेना. तिनं ती परत होती तिथं ठेवली.

"मला दिसलं होतं," ती म्हणाली. "सुनावणीत त्यानं फॉर्म वर धरला तेव्हा. कडेला कागद घासलेला होता."

"वही आहे जवळ?" मालसुननं विचारलं.

मिराननं मान डोलावली.

"काढ. लिही. उधाणाच्या ओहोटीला पाच टोपल्या, कधी सहा. थंडीत दोन. तू पोटात होतीस त्या वर्षी सात. सातव्या महिन्यापर्यंत जात होते मी."

"हळू बोल," मिरान सवयीनं कुजबुजली.

मालसुननं मान वळवून दूर बघितलं. बांधाची राखाडी रेघ आडवी पसरली होती. समुद्र तिच्या पलीकडे होता.

"आता कोण ऐकतंय?" ती म्हणाली. "लिही. काप्सुनला चार. नाही, साडेचार. तिला मेलीला साडेचार मिळायच्या, मी बघायची."

मिराननं वही गुडघ्यावर घेतली आणि आई सांगेल तसं लिहीत गेली, आपलं एक अक्षरही न घालता.