गिलाव्याखालचं लाकूड

फ्रान्समधल्या त्र्वा शहरातल्या त्या अरुंद गल्लीत सगळी घरं लाकडी चौकटींची. दगडी तेवढं एकच, आणि ते आपलं, असं ओदिल मादाम एकाहत्तराव्या वर्षीही ठणकावून सांगत. समोरच्या गास्पार मोर्वाँना त्या वाळवीचे जावई म्हणायच्या, तेही तोंडावर.

आता नगरपालिकेचं पत्र आलं होतं. दर्शनी भिंत फुगली आहे, घर पाडावं लागेल. आत जुनी लाकडी चौकट निघाली तरच वारसा म्हणून ते राखून दुरुस्त करता येईल. तपासायला सोलांज ही सुतारीण शिडी घेऊन दारात उभी होती.

"गिलावा थोडा फोडू द्या," ती म्हणाली.

"दगडाला कसला आलाय गिलावा?"

"मादाम, दगड कधी असं पोट पुढे काढून उभा राहतो का? वरचा मजला हातभर रस्त्यावर आलाय तुमचा. हे सुताराचंच काम. आगीच्या भीतीने पूर्वी लाकूड लिंपून टाकायला लावायचे. मग दगडी बांधकाम वाटावं म्हणून कुणीतरी हौसेने वर रेघा ओढल्या."

ओदिल मादामनी त्या रेघांकडे पाहिलं. आजोबा दर वसंतात शिडीवर चढून त्या करड्या रंगाने गिरवायचे. 'दगडाची निगा राखावी लागते,' म्हणायचे. म्हणजे म्हाताऱ्याला सगळं ठाऊक होतं. मादामना मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण समोरच्या खिडकीत पडद्याआड मोर्वाँ कान देऊन उभे होते.

घर वाचवायचं तर नाक जाणार होतं, आणि नाक वाचवायचं तर घर.

"हातोडा दे इकडे," त्या म्हणाल्या.

"मी करते ना."

"खोटं आमच्या घरातलं. आम्हीच फोडू."

तिसऱ्या घावाला गिलाव्याची मोठी खपली निखळली. आत काळीभोर ओकची तुळई होती आणि तिच्यावर सांधे जुळवायला सुताराने कोरलेला आकडा, अजून ठसठशीत.

सोलांजने त्यावरून बोट फिरवलं. "चारशे वर्षं तरी झाली असतील. घर वाचलं, मादाम."

ओदिल मादामनी हात झटकले आणि त्या रस्त्याकडे वळल्या.

"मोर्वाँ, लपू नका, दिसताय. लाकडाला तेल कुठलं लावता तुम्ही?"

खिडकी उघडली. "जवसाचं. पहिल्या वर्षी लाकूड फार पितं ते. थांबा, डबा घेऊन येतो."