दुपारी बारापर्यंतचा अबोला

लहानपणी माझी बायको आणि तिचे थोरले भाऊ यांच्यात अबोला झाला, की तो आधी कोण मोडणार यावर घरात कुणी पैज लावत नसे. दर वेळी दादाच मोडायचे. ही भिंतीकडे तोंड करून दिवसेंदिवस बसू शकायची. दादा जेवणापर्यंत कसाबसा दम धरायचे आणि पहिल्या घासाला 'मीठ दे गं, चिंगे' म्हणून शरण यायचे. पुढे चिंगी परराष्ट्र खात्यात गेली आणि दादा राजकारणात. माणसं आपापल्या गुणांनी पोटाला लागतात, ती अशी.

गेली कित्येक वर्षं ही सीमेपलीकडच्या लोकांशी अणुकराराच्या वाटाघाटी करते आहे. कुणी किती युरेनियम शुद्ध करायचं, निरीक्षकांना कुठल्या दारापर्यंत सोडायचं आणि त्या दाराला कुणाचं कुलूप लावायचं, असा तो मामला. ऐकायला भयंकर वाटतं. पण रोजचं काम म्हणजे एका इमारतीतल्या दोन बिऱ्हाडांनी पाण्याच्या टाकीवरून घातलेला वाद, असं ही सांगते. फरक इतकाच, की ही टाकी फुटली तर इमारत उरत नाही. पलीकडून जे गृहस्थ येतात त्यांना टक्कल आहे, पोटाची तक्रार आहे आणि दिलेला शब्द पाळायची वाईट सवय आहे. ही त्यांना घरात 'पलीकडचे काका' म्हणते.

दादा मंत्री आहेत. खातं बंदरांचं, पण बंदरांबद्दल बोलताना त्यांना कुणी ऐकलेलं नाही. ते बॉम्बबद्दल बोलतात. करार जमत आला, की दादा एखाद्या सभेत टेबलावर मूठ आपटून म्हणतात, "हा करार नाही, ही शरणागती आहे!" दुसऱ्या दिवशी पलीकडचा एक मिशाळ मंत्री (खातं बहुधा टपालाचं) आपल्या सभेत दादांचं वाक्य वाचून दाखवतो आणि विचारतो, "असल्यांशी बोलणी करायची?" मग दादा त्याचं वाक्य वाचून दाखवतात. अशा रीतीने दोघांनी मिळून आजवर दोन करार बुडवले. दोघांची कधी भेट झालेली नाही. पण इतकी वर्षं इतक्या नेमाने एकमेकांची विचारपूस करणारी माणसं नात्यातसुद्धा सापडत नाहीत.

या खेपेला करार बुडाला, तर काकांना घरी बसवणार होते आणि त्यांच्या खुर्चीत मिशाळ मंत्र्याचा भाचा येणार होता. मग बोलणी संपलीच. म्हणून ही आणि काका, दोघांनी मिळून एक युक्ती काढली. मुत्सद्द्यांच्या धंद्यात ती जुनीच आहे. मसुदा दोन्हीकडच्या सुरक्षा समितीतल्या मंत्र्यांना वाटायचा आणि मुदत द्यायची, शुक्रवार दुपारी बारा. ज्याला मान्य नसेल त्याने तोवर आपल्या देशातल्या समितीच्या कचेरीत स्वतः जाऊन सचिवासमोर 'मान्य नाही' म्हणायचं. बाहेर कुठे म्हटलेलं धरायचं नाही. बारापर्यंत दोन्हीकडे कुणीच फिरकलं नाही, तर करार झाला. याला ते लोक मौनाची पद्धत म्हणतात.

"म्हणजे अबोलाच की," मी म्हणालो.

"अबोलाच," ही म्हणाली. "आणि समितीत दादा आहे."

गुरुवारी दादा आमच्याकडे जेवायला आले. सासूबाई आमच्याकडेच राहतात. दादांच्या बंगल्यात सारखे पोलीस असतात आणि सासूबाईंना घरात बुटांचा आवाज खपत नाही. पोलिसांना जिन्यात बसवून दादा खुर्चीत टेकले आणि टेकता टेकताच म्हणाले, "उद्या सकाळी जाणार आहे मी कचेरीत. म्हटलं, तुला आधी सांगावं. पेपरातून कळायला नको."

"बरं," ही म्हणाली.

"बरं काय? भांड ना जरा! मी तयारी करून आलोय."

"मसुदा वाचलास?"

"चाळला."

"म्हणजे नाही वाचलास."

"अगं, शरणागती किती पानी आहे याने काय फरक पडतो? भावजी, तुम्ही सांगा."

"मी या घरातलं तटस्थ राष्ट्र आहे," मी म्हणालो.

"तटस्थांचंच फावतं शेवटी," असं म्हणून दादांनी भाजीचं भांडं माझ्यापुढून ओढून घेतलं.

सासूबाईंनी मुलाकडे निरखून पाहिलं. "घसा बसलाय तुझा. काल काय ओरडत होतास एवढं?"

"लढाईला आम्ही भीत नाही, असं सांगत होतो."

"आम्ही म्हणजे कोण कोण?"

"म्हणजे आपण सगळे, आई. जनता."

"मला नव्हतं हो विचारलंस."

"आई, त्या दिवशीच्या सरावाचं सांग याला," ही म्हणाली.

"काही नको. जेवू दे त्याला."

सासूबाई सांगेनात म्हणून मग मी सांगितलं. मागच्या महिन्यात हवाई हल्ल्याचा सराव झाला. भोंगा वाजला की सगळ्यांनी इमारतीच्या तळघरात जायचं. ही तेव्हा दौऱ्यावर होती. मी सासूबाईंना धरून तळघराच्या जिन्यापर्यंत नेलं. जिना उभा, अंधारा, धरायला कठडा नाही. त्यांनी खाली डोकावून पाहिलं, मग आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही या जाऊन. मी गॅलरीत बसते." त्यांना एकटं कसं सोडायचं? आम्ही दोघं गॅलरीत चहा घेत बसलो. थोड्या वेळाने सराव घेणारा स्वयंसेवक वर आला आणि आम्ही दोघं मेलो असल्याचं त्याने अदबीने सांगितलं. सासूबाईंनी त्याला चहा विचारला.

दादा हसले नाहीत. "हे मला कुणी का नाही सांगितलं?"

"तू कुठे होतास तेव्हा?" हिने विचारलं.

"मंत्र्यांचं तळघर वेगळं असतं."

"लिफ्ट असेल ना तिथे?" सासूबाईंनी विचारलं. त्यांच्या बोलण्यात टोमणा अजिबात नव्हता, हीच पंचाईत होती. "असू दे. तुझेही गुडघे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत."

पुढचं जेवण दादा मुकाट्याने जेवले. हे इतकं नवीन होतं, की जिन्यातल्या पोलिसाने काळजीने आत डोकावून पाहिलं. निघताना दारात थांबून ते म्हणाले, "पण मी जाणार आहे, चिंगे. लोकांना जाहीर सांगून बसलोय."

"जा," ही म्हणाली.

दार लागल्यावर तिने मला विचारलं, "अडवायला हवं होतं का मी?"

"तू अडवलं असतंस, तर आजच गेले असते."

"तेही खरंच," ती म्हणाली आणि भांडी आवरायला उठली. त्या दिवशी तिने आधीच घासलेलं पातेलं पुन्हा घासलं. मी तटस्थ राष्ट्र असल्यामुळे बोललो नाही.

शुक्रवारी ही सकाळीच कचेरीत सचिवाशेजारी जाऊन बसली. मी आणि सासूबाई टीव्हीपुढे. दादांची गाडी कचेरीच्या पायऱ्यांशी आली तेव्हा मुदत संपायला चांगला तासभर होता. पायऱ्या चढून, डावीकडचं पहिलं दार. पण वाटेत पत्रकार उभे होते, आणि दादांपुढे माईक आला की पाय आपोआप थांबतात.

"साहेब, करार मान्य आहे?"

"मान्य? ही शरणागती आहे!" दादांनी सुरुवात केली. टेबल नव्हतं, म्हणून मूठ दुसऱ्या तळहातावर आपटली. शरणागतीपासून ते पूर्वजांच्या पराक्रमावर आले. तिथून शेजाऱ्यांच्या कपटावर. मग मिशाळ मंत्र्याचं नाव घेऊन त्याला चार प्रश्न विचारले आणि पाचवा शेवटी विचारतो म्हणाले.

"याला आत जायचंय ना?" सासूबाईंनी विचारलं.

"असं म्हणत तरी होते."

दादांचा बॉम्ब संपला. पत्रकार माईक खाली घेऊ लागले, एक जण वायर गुंडाळू लागला. आणि मग जे आजवर घडलं नव्हतं ते घडलं. दादा बंदरांबद्दल बोलू लागले. कुठल्या बंदरात किती गाळ साचलाय, तो काढायला कसली यंत्रं लागतात, क्रेनचे दोर कुठे कुजलेत. माणसाला आपल्या खात्याची इतकी माहिती होती आणि त्याने ती इतकी वर्षं लपवून ठेवली होती! वायरवाला तेवढ्यातही निघालाच. दादांनी त्याला हाक मारून थांबवलं. "अजून कुणाला काही विचारायचंय? तुम्ही, ते मागे उभे आहात ते. तुम्ही काहीच विचारलं नाहीत."

"मी ड्रायव्हर आहे, साहेब."

"मग काय झालं? नागरिक आहात ना?"

ड्रायव्हरने बराच विचार करून, गाळ काढल्यावर टाकतात कुठे, असं विचारलं. दादा म्हणाले, प्रश्न फार चांगला आहे. उत्तर त्याहून लांब होतं.

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत होत्या, ते मी पाहिलं नाही.

कचेरीवरच्या घड्याळाचे ठोके पडले. दादांनी मनगटाकडे पाहिलं, कपाळावर हात मारला, 'अरेच्चा!' म्हणाले आणि पायऱ्या चढून धावले. पाच मिनिटांत बाहेर येऊन त्यांनी गर्जना केली, "मला बोलू दिलं नाही!" त्यांचं हे वाक्य रात्रीपर्यंत सगळ्या वाहिन्यांवर दाखवत होते.

हिचा फोन आला. एकच शब्द बोलली, "झालं."

"आणि पलीकडे? तो मिशाळ?"

तेव्हा मात्र हिला हसू आवरेना. काकांनी कळवलेली हकीकत अशी : मिशाळ मंत्री 'मान्य नाही' म्हणायला निघतच होता. जोडे घालताना टीव्हीवर दादा दिसले, ते त्याचंच नाव घेत होते. पाचवा प्रश्न ऐकल्याशिवाय उठायचं कसं? शिवाय भाषांतर करणारा मागे पडत चालला होता. बंदरातल्या गाळापाशी सगळे अडकले. गाळ काढणार म्हणजे पाणबुड्या लपवणार का, यावर त्याच्या सल्लागारांची तिथेच बैठक बसली. बारा वाजले तेव्हा त्याच्या पायात एकच जोडा होता.

संध्याकाळी दादा आले ते रागाने लाल होऊन. जिन्यातल्या पोलिसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "कारस्थान आहे हे सगळं!" मग आवाज उतरवून मला म्हणाले, "तळघराच्या जिन्याचं माप घेऊन ठेवा, भावजी. उद्या आमच्या खात्याची माणसं पाठवतो. बोटीवर असतो तसला कठडा बसवू."

ही काही बोलली नाही. तिने पानं घेतली. तिने आभार मानले असते, तर ते जिन्यातल्या पोलिसापासून पक्षाच्या कचेरीपर्यंत पोचायला वेळ लागला नसता आणि दादांचं राजकारण तिथेच आटोपलं असतं. दादांनाही काही कबूल करायची सोय नव्हती. ती भिंतीकडे पाहत जेवत होती आणि दादा तिच्याकडे पाहत.

मला राहवेना. "दादा, तो मिशाळ तिकडे टीव्हीपुढेच बसून राहिला, हे नशीबच म्हणायचं."

"नशीब कसलं?" दादा ताटातच बघत म्हणाले. "तो माझं भाषण अर्ध्यावर कधी सोडत नाही. इतकी वर्षं बघतोय ना मी. सज्जन माणूस आहे हो."

सासूबाईंनी त्यांच्या पानात वाढलं, नको म्हणाले तरी वाढलं. ही अजून भिंतीकडेच पाहत होती. पण तिची हनुवटी थरथरत होती, आणि लहानपणी ती कशी जिंकायची ते मला तेव्हा पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसलं. दादांनी एक घास खाल्ला. दुसरा हातातच धरून ठेवला. चुळबुळ केली, घसा खाकरला.

"मीठ दे गं, चिंगे."

तिने मिठाचं भांडं त्यांच्या हाताशी सरकवलं. भाजीत मीठ बरोबर होतं. दादांनी घेतलं नाही.