पंगतीबाहेरची यमुनामावशी

हिवाळ्याच्या कोवळ्या उन्हात, अंगणातल्या सपाट दगडावर उकिडवी बसून यमुनामावशी राखेनं हात घासायची. बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, मनगटाची हाडं. तीनदा राख, तीनदा पाणी. त्या कोरड्या खरखरीवर पितळी लोट्यातल्या पाण्याची धार पडायची, आणि मग ओले तळवे नाकाशी नेऊन ती डोळे मिटून हुंगायची. नुकतंच तिनं बकऱ्याचं कच्चं स्वादुपिंड आपल्या हातानं चिरलेलं असायचं. जिनं जन्मात कधी अंडं हातात धरलं नव्हतं, पाणीसुद्धा फडक्यातून गाळल्याशिवाय तोंडाला लावलं नव्हतं, तिच्या मुद्रेवर त्या क्षणी मी किळस शोधत असे. मला तिथं दिसायचं ते निव्वळ कुतूहल.

आपला जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्याच वर्षी मी पुसदला शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि आईच्या या थोरल्या बहिणीकडे राहायला आले. मावसे कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर होते. ते जाऊन चार वर्षं लोटली होती. मूलबाळ नव्हतं. मावशी शिवणयंत्रावर आळीतल्या बायकांच्या चोळ्या शिवायची, पहाटे आमच्या पंथाचं नामस्मरण करायची आणि उरलेला सगळा दिवस जगाकडे बघत बसायची. बघत म्हणजे कशी? पळस अंगावरची सगळी पानं झाडून टाकल्यावरच काहून फुलतो, मुंग्या एकमेकींशी थांबून काय बोलतात, जिनातला कापूस वाऱ्यावर निघाला की नेमका आपल्याच तुळशीवर येऊन काहून बसतो, असल्या प्रश्नांनी ती मला शाळेतून आल्या आल्या गाठायची. पोरींना दिवसभर शिकवून माझा घसा बसलेला, आणि हिचं आपलं सुरू. मी वैतागून म्हणायची, "मावशी, मी शिक्षिका आहे, ब्रह्मदेव नाही." त्यावर ती हसायची आणि दुसरा प्रश्न काढायची.

भुरी घरात आली तीही अशाच एका प्रश्नापायी. आठवडी बाजार उठला होता. ओट्यांवर कांद्याची फोलपटं आणि उसाची चिपाडं तेवढी उरली होती, आणि एका बाभळीला कोणीतरी कुत्री बांधून टाकून गेलं होतं. मळक्या गव्हाळ रंगाची, कातडं हाडांवर वाळत घातल्यासारखं, शेपटीखालचा भाग घाणीनं माखलेला. मावशी दोऱ्याच्या रिळासाठी गेली होती. तिनं समोर शिळी भाकर टाकली, ती गेली. दुसरी टाकली, तीही गेली. हॉटेलवाल्यानं उष्ट्या भज्यांचा पुडा दिला, तो कागदासकट गेला. रीळ विसरून, सुतळीचं टोक हातात धरून मावशी दारात उभी राहिली आणि मला म्हणाली, "सुमे, पाह्य व. एवढं खाते, मंग जाते कुठं?"

मला वाटलं, दोन दिवसांत उत्तर मिळेल आणि कुत्री वाटेला लागेल. कसचं काय! भुरी आमच्या दोघींपेक्षा जास्त जेवायची आणि दर दिवसाला बारीक व्हायची. तिच्या पोटात जातं फिरल्यासारखी घरघर चालायची, आणि जे खाल्लं ते फिकट, तेलकट, ढीगभर होऊन बाहेर पडायचं. आळीतल्या बायका म्हणाल्या, अंगात रस नाही, तूप चारा. मावशीनं स्वतःच्या भाकरीवरचं तूप बंद करून भुरीच्या वाटीत ओतलं, लोणी चाटवलं, सायीचं दूध पाजलं. भुरी आणखीच खंगली. प्रेमानं चारलेला घासन् घास तिला आतून पोखरत होता, आणि ते कळल्यावर मावशी रिकामी तुपाची वाटी हातात धरून पहिल्यांदाच माझ्यासमोर रडली.

शेवटी दोघींनी तिला पोत्यावर घालून ढोरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी भुरीचं पोट चाचपलं, मावशीनं केळीच्या पानात बांधून आणलेली घाण तपासली, आणि म्हणाले, "बाई, हिच्या पोटात एक ग्रंथी असते, स्वादुपिंड. अन्न पचवणारा रस तिथून येतो. हिचा तो रसच आटलाय. हे बरं होणार नाही, पण सांभाळता येईल. खाटकाकडून बकऱ्याची तीच ग्रंथी आणा, कच्ची, बारीक चिरून अन्नात कालवून रोज द्या. तूप-लोणी बंद."

मावशीनं पंथाचा उपदेश घेतलेला होता. आमच्याकडे उपदेश घेतलेल्या माणसानं मांस खायचं तर नाहीच, पण शिवायचंसुद्धा नाही. ज्यानं ते नेम मोडले त्याला वार्षिक मेळ्याच्या पंगतीत पान नाही. त्या पंगतीत मावशी बारा वर्षांची असल्यापासून बसत आलेली. तीन दिवस ती यंत्रावर बसली आणि एकही टाका घातला नाही. भुरीची मान आता जमिनीवरून उठत नव्हती. चौथ्या दिवशी सकाळी मावशीनं पदर खोचला आणि मला म्हणाली, "चाल."

खाटकाच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, आम्ही दोघी किती वेळ उभ्या होतो कोण जाणे. आत लोंबणाऱ्या त्या लाल आकारांकडे ती आधी पदराआडून, मग उघडपणे, मग चक्क निरखून बघू लागली. दुकानातले करीमचाचा पांढऱ्या दाढीचे, अंगानं किरकोळ. त्यांनीच हाक मारली, "क्या होना बाई?" मावशीनं पोटावर हात ठेवून ग्रंथी कुठे असते ते दाखवलं. चाचा चकित झाले. "लबलबा? उसे तो कोई पूछता नहीं. फेंक देते हम." कुत्रीसाठी हवं आहे असं कळल्यावर त्यांनी सुरी खाली ठेवली आणि माझ्या मावशीकडे, तिच्या गळ्यातल्या पंथाच्या माळेकडे पाहिलं. मग पळसाच्या पानात ती गुलाबी, दाणेदार पट्टी गुंडाळून त्यांनी अंतरावरूनच ओट्यावर ठेवली, म्हणजे मावशीचा हात आपल्या हाताला लागायला नको.

येताना मी तिला धीर द्यायला म्हणाले, "बकरा काही भुरीसाठी कापलेला नाही. हे ते फेकणारच होते." मावशी ताडकन थांबली. "ते मन समजवाची गोष्ट हाय, सुमे. मी आणलं म्हणजे मी आणलं." त्यानंतर तो युक्तिवाद मी पुन्हा केला नाही.

आणि तरीही पहिली चूक आमची आम्हीच केली. कच्चं रक्त अंगणात येणंच तिला सोसेना, शिवाय कच्च्या मांसाची चटक लागली की कुत्रं माणसावर जातं हा आळीतला पक्का समज. तिनं अंगणात तीन दगडांची चूल मांडली, ती पट्टी दोन उकळ्या येईस्तोवर शिजवली, आणि शुद्ध झाली असं मानून ज्वारीच्या कण्यांत कालवून दिली. आठ दिवस हेच. नेम मोडल्याचं दुःख रोज पदरात, आणि भुरी रोज थोडी आणखी मृत्यूकडे सरकलेली. मला तर सगळ्याचाच संताप आला होता, डॉक्टरांचा, पंथाचा, त्या मुक्या जनावराचासुद्धा.

नवव्या दिवशी संध्याकाळी मावशी दुधाला विरजण लावत होती. वाटी हातात तशीच धरून ती थबकली. कलत्या उन्हाची तिरीप तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर होती आणि भुवया वर चढल्या होत्या. "सुमे, उकयत्या दुधात विरजण टाकलं तं दही लागते काय व?"

"नाही. विरजण मरतं."

"मंग आपुन हे आठ दिवस काय करून राह्यलो?"

दुसऱ्या सकाळी तिनं दोन वाट्यांत घट्ट, कोमट कण्या घेतल्या. एकीत उकडलेल्या पट्टीचा तुकडा कुस्करला, दुसरीत कच्चा, स्वतःच्या हातानं, पहिल्यांदाच. ओठ स्मरण पुटपुटत होते, आणि डोळे मात्र वाट्यांवरून हलत नव्हते. अर्ध्या तासानं तिनं चमचा फिरवला. उकडलेल्या वाटीत चमचा उभा राहिला. कच्च्या वाटीतल्या कण्या पातळ होऊन पेजेसारख्या वाहू लागल्या होत्या. "आई व माय!" मावशी ओरडली, "हे तं वाटीतच जेवून राह्यलं!" नेम मोडल्याची भीती, मांसाची शिसारी, जन्माची सवय, सगळं त्या एका आनंदात क्षणभर विरघळून गेलं. त्या दिवशी पन्नाशीची ती बाई माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलीपेक्षा लहान दिसत होती.

पाच दिवसांनी भुरीची घाण बांधून पडली. दोघी सुशिक्षित-अशिक्षित बायका अंगणात वाकून तिचं कौतुक करतोय, हे दृश्य आळीनं पाहिलं आणि पुढं वर्षभर आमची टिंगल केली. करोत. मार्गशीर्ष सरेपर्यंत फासळ्यांवर मांस आलं, पौषात केसांना झळाळी आली, आणि पळस फुलले तेव्हा भुरी शिवणयंत्राच्या पायडलाशी, मावशीच्या पावलावर हनुवटी टेकून झोपायला शिकली होती. ती बरी मात्र कधीच झाली नाही. सणाला खाटकाचं दुकान बंद राहिलं की दुसऱ्याच दिवशी पोट घरघरू लागे. वैशाखाच्या काहिलीत ती ग्रंथी तासाभरात नासायची, म्हणून मावशी उजाडता उजाडता निघायची. आणि चाचा कुठे गावाला जाणार असले तर आदल्या दिवशी दारात येऊन, उंबऱ्याबाहेरूनच सांगून जायचे. रोज आणणं, चिरणं, कालवणं, वाट पाहणं, आणि शेवटी त्या दगडावर राखेनं हात घासणं. दुकान उघडं असताना असा एकही दिवस चुकला नाही.

चैत्रात मेळा भरला. मावशीनं हे कोणालाच सांगितलं नसतं तरी चाललं असतं. मी तसं सुचवलंही. पण पानं मांडली जाण्याआधी ती उठली, पंथाच्या बाबांपुढं दंडवत घातला आणि सगळं सांगितलं, वाट्यांसकट. बाबा वृद्ध, शांत स्वभावाचे. ते म्हणाले, "प्रायश्चित्त आहे, बाई. पण त्याआधी ते सोडावं लागेल."

"सोडलं तं भुरी मरते, बाबा."

"मग?"

"मंग मले बाहेर बसू द्या."

बाबांनी होकारार्थी मान हलवली. त्या चैत्रापासून मावशीचं पान मांडवाबाहेर, बोरीच्या विरळ सावलीत पडू लागलं. वाढणारा दुरून वाढायचा. ती कुरकुरली नाही, रुसली नाही. पण आतून नामघोष सुरू झाला की तिचे ओठ हलायचे आणि बोटं लुगड्याचा काठ उगीच चुरत राहायची. चाळीस वर्षांची जागा तिनं सोडली होती, आणि ती तिला दुखत होती. मी हे विचारलं तेव्हा तिनं लपवलंही नाही. "दुखते तं," ती म्हणाली, "पण भुरी घरी वाट पाहून राह्यली असंन." एवढं बोलून तिनं शेवटचा घास घाईघाईनं संपवला.

असे सात चैत्र गेले. सातव्या पावसाळ्यानंतर भुरी म्हातारी होऊन, भरल्या अंगानं, एका स्वच्छ दुपारी यंत्राजवळ झोपली ती उठली नाही. मावशीनं तिला परसात पुरलं आणि चाचांना निरोप धाडला की उद्यापासून नको. चाचा आले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले, आणि यंत्राजवळच्या जागेकडे एकदा पाहून गेले.

पुढच्या मेळ्यात बाबांनी स्वतः मावशीला बोलावणं पाठवलं. प्रायश्चित्त झालं. तिचं पान पुन्हा आत, तिच्या जुन्या जागी मांडलं गेलं. आजूबाजूच्या बायकांनी सरकून जागा केली, कोणी तिच्या पाठीवरून हात फिरवला, कोणी डोळे पुसले. मी तिच्या शेजारी होते. वरणभातावर तुपाची धार पडली, नामघोष झाला, सगळ्यांनी घास उचलला. मावशीनंही उचलला. तो तोंडापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. तिनं एकदा मांडवाबाहेर, बोरीखालच्या उन्हाकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळून लहान मुलासारखं म्हणाली, "आत बसलो म्हंजे भुरी गेलीच म्हनाचं, नाही व?"

आज मावशीला जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. लोक म्हणतात, गेलेल्याची आठवण रिकाम्या जागी राहते. मी मात्र तिला त्या भरल्या पंगतीत, परत मिळालेल्या पानासमोर, हातात घास धरून बसलेली पाहिली आहे.