एक ओळ वर सरकली

बसा असे ऐसपैस. सिस्टरबाईंची गोष्ट सांगतो, फक्त मधेच उठू नका.

घरोघर जाऊन इन्सुलिन टोचायचं त्यांचं काम. मोबाईलमध्ये पेशंटची यादी. नावावर बोट ठेवलं की आजचा डोस उघडतो. तरी सुई लावण्याआधी बाई ज्याचं त्यालाच नाव सांगायला लावायच्या.

"नऊ वर्षं टोचताय, अजून नाव पाठ नाही?" यादीतले तिसऱ्या नंबरचे मास्तर दंड पुढे करत म्हणाले.

"नवरदेवासारखे लाजू नका, सांगा बघू."

मास्तरांनी सांगितलं. बाईंनी डोसवरचं नाव पाहिलं, तर ते भलत्याच माणसाचं! त्यांनी तडक ऑफिसला फोन लावला.

"हां बाई," ॲपवाला म्हणाला, "पहिल्या नंबरचे काका सकाळी ॲडमिट झाले, म्हणून त्यांना काढलं. आतली माहिती बदलली, पण तुमच्या पडद्यावरची यादी जुनीच राहिली. आता दुसऱ्यावर बोट ठेवलं की तिसऱ्याचं उघडतंय. यादी खाली ओढा, होईल ताजी."

"आणि टोचलेली सुई मागे ओढता येते का रे?"

दुसऱ्या नंबरच्या आजींना त्या आत्ताच टोचून आल्या होत्या. आजींची वाचा गेलेली, म्हणून नाव विचारलं नाही. आणि विचारलं नाही म्हणून पडद्यावरचंही वाचलं नाही. द्यायचे होते आठ युनिट. गेले मास्तरांचे चोवीस.

बाई पिशवी घेऊन धावत सुटल्या. जिन्यात चपलेचा अंगठा तुटला, दोन्ही चपला तिथेच भिरकावल्या.

आजींच्या सुनेनं दार उघडलं. "काय राहिलं, सिस्टर?"

"साखरेचं पाणी करा, भरपूर गोड. अन् डॉक्टरांना फोन लावा. मी जास्त टोचलंय. माझी चूक आहे."

"अहो, तुमच्या भरवशावर आम्ही…" पुढचं गिळून सून आत पळाली.

आजी जाग्या होत्या, पण घामानं चिंब. बाई चमच्याचमच्यानं पाजत राहिल्या. बोट टोचून साखर बघायची, पुन्हा पाजायचं. चौथ्या खेपेला आकडा जरा वर आला. पण फोनवर डॉक्टरांनी बजावलं, इतक्यात निर्धास्त होऊ नका, तो पुन्हा कोसळेल.

सून भिंतीला टेकून उभी. जा म्हणत नाही. बाई तशाच अनवाणी, एका हातात चमचा, दुसऱ्यात आजींचं मनगट.

पिशवीत फोन वाजतोय. ऑफिसचाच असणार. तुमचे हात रिकामे आहेत ना? मग तेवढा उचला, आणि सांगा त्यांना: मास्तरांकडे, पुढच्यांकडे दुसऱ्या कुणाला पाठवा, बाई इथून उठायच्या नाहीत.