डबी वाजते का

"भाऊ, पुन्हा गळून राहिलं," देवीदासने गाडीखाली बोट दाखवलं.

डोमाजी मिस्त्रीने वाकून पाहिलं. राजापेठेतल्या त्याच्या अंगणात देवीदासची जुनी टॅक्सी सकाळपासून उभी होती आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल ओसंडून मातीत जिरत होतं. आतली पितळी डबी त्याने मघाशीच तपासली होती. ही पोकळ डबी पेट्रोलवर तरंगते आणि पुरेसं भरलं की वाट बंद करते. तिला भोक पडलं की आत पेट्रोल शिरतं, ती बुडते आणि वाट उघडीच राहते. अशी डबी कानाशी हलवली की वाजते. डोमाजीला काही वाजलेलं ऐकू आलं नव्हतं. चांगली हाय म्हणून त्याने ती परत बसवली होती.

"चांदूर बाजारची सवारी खोळंबली माही. तुमाले जमत नसन तं सांगा, दुसरा मिस्त्री पायतो."

"जमते."

इंजिनांच्या घरघरीत त्याचे कान गेले होते. उन्हाळ्यात विहीर आटावी तसे, हळूहळू. मोठ्यानं बोललेलं समजे, बारीक आवाज मात्र गेले ते गेलेच. बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणणार? पण हे कुणाला कळलं नाही ते त्याच्या बायकोमुळे, मनकर्णामुळे. तो डबी घेऊन दाराशी जाई. ती जातं थांबवी, पिठाचा हात लुगड्याला पुसून कान पुढे करी. "वाजते," म्हणे, नाहीतर नुसती मान हलवी. मग पुन्हा जातं, पुन्हा ओवी. ओवी त्याला ऐकू येत नसे. पण जात्याची थरथर जमिनीतून त्याच्या तळपायांपर्यंत येई आणि बाई गाते आहे एवढं त्याला कळे.

गेल्या चैत्रात ती गेली.

डोमाजीने कार्बोरेटर पुन्हा उघडला. डबी काढली, पुसली, आणि सवयीने वळून हात दाराकडे लांबवला. डबी हलकेच धरलेली, बाईमाणसाच्या कानाच्या उंचीवर.

दारात सावलीला देवीदास उभा होता. आपल्यालाच दिली समजून त्याने ती घेतली, हलवली.

"वाजते ना भाऊ हे. नारयलावानी. तुमाले आइकू नाही आलं?"

डोमाजीने फडक्याला हात पुसले. पुसून झाले तरी पुसत राहिला.

"मनकर्णा आइके," तो म्हणाला.

देवीदास डबीकडेच पाहत राहिला. मग जरा मोठ्यानं, पण न ओरडता म्हणाला, "चूल कुठी हाय? पाणी मी तापवतो."

ऊन पाण्यात डबी दाबून धरताच आतली हवा तापून फुगली आणि तिच्या सांध्यातून बारीक बुडबुडे निघाले. डोमाजीने तिथे खूण केली, आतलं पेट्रोल थेंबन्‌थेंब काढलं, वर कथलाची झाळ देऊन भोक बुजवलं. गाडी सुरू झाली. त्याने बॉनेटवर तळवा ठेवला; थरथर एकसारखी होती. खालची माती वाळत चालली होती.

"जा आता," तो म्हणाला.

धूळ खाली बसल्यावर तो घरात आला. चुलीवरचं पाणी अजून ऊन होतं. कोपऱ्यात जातं होतं, त्याच्या खाचेत जुनं पीठ अडकलेलं. डोमाजी शेजारी बसला. जात्याच्या वरच्या दगडावर त्याने तळवा ठेवला, बॉनेटवर ठेवला होता तसाच, आणि बराच वेळ उचलला नाही.