उताऱ्यावरची फुलं

नसरीन मुल्लाणीनं गलांड्याच्या फुलांचा ऐन बहर रोटाव्हेटरखाली घातला, तेव्हा तिच्या डोळ्यांत टिपूस आलं नव्हतं. टाळेबंदीत देवळं बंद, दर्गे बंद, लग्नं बंद, फुलबाजाराला कुलूप. "कुजत पडण्यापरास चारा तरी हुईल," असं नवऱ्याला, अमीनला सांगून तिनं त्या रानात मका पेरला. रडली ती पुढं, आणि तेही रागानं.

टाळेबंदीत बुडालेल्या फूलवाल्यांना सरकारी मदत जाहीर झाली. गडमुडशिंगीच्या पलीकडच्या त्या लहानशा गावात फुलं करणारी नसरीन एकटीच. पण यादीत नाव आलं शेजारच्या कृष्णात पोवारचं. त्याच्या रानात आजवर उसाशिवाय काही उगवलं नव्हतं. पीक नोंदवताना कुणीतरी दोघांची रानं उलटीपालटी केली होती.

नसरीन चावडीत गेली.

"मावशी, सातबाऱ्याच्या उताऱ्यावर तुमचा ऊस हाय," तलाठी म्हणाला.

"मग वरीसभर मी उसाचं हार गुंफून इकलं व्हय?"

"रानात फुलं दाखवा की. आत्ता पंचनामा करतो."

"फुलं मोडली म्हणूनच मदत मागतीया न्हवं!"

"म्हंजे रानातबी न्हाईत आन् उताऱ्यावरबी न्हाईत. मी काय करू?"

दुरुस्तीचा अर्ज देऊन ती घरी आली आणि जेवलीच नाही.

पैसे कृष्णातच्या खात्यात पडले. तो बँकेतनं काढून तडक तिच्या दारात आला, तोही वैतागलेलाच. "भाभी, ह्यो नसता ताप हाय. तुमचं तुम्ही घ्या." ती नको नको म्हणत होती, तोवर पाकीट कट्ट्यावर ठेवून तो गेलासुद्धा. त्यातनं झेंडूची रोपं आली. प्रकरण मिटलं, असं दोघांनाही वाटलं.

पण अर्ज आपल्या चालीनं चालत होता. वर्षभरानं उतारा दुरुस्त झाला, आणि मागोमाग कृष्णातला नोटीस आली. ऊस करत असताना फुलांची मदत घेतली, ती परत भरा. गावात कुजबुज सुरू झाली, कृष्णातनं सरकारला फसवलं म्हणून. दोघं तालुक्याच्या कचेरीत गेली.

"पोवार अपात्र हायेत," कारकून म्हणाला.

"आन् मी?" नसरीननं विचारलं.

"तुम्ही पात्र."

"मग माझं मला द्या. मी ह्यांना देते, ह्ये तुम्हाला देतील."

"तुमची मुदत संपली."

"मुदतीत आलते, तवा ऊस हाय म्हणालासा की!"

"तवा ऊसच होता. उताऱ्यावर."

नसरीनच्या मस्तकात तिडीक गेली. "पैसं मी वापरल्यात. मीच भरणार."

"नोटीस माझ्या नावानं हाय. मी भरतो," कृष्णात अडून बसला.

दोघांचे आवाज एवढे चढले, की मागची रांग पुढं सरकली. "अवो, बाहीर जाऊन भांडा!" कारकून ओरडला. शेवटी निम्मे तिनं काढले, निम्मे त्यानं, आणि पावती झाली एकट्या कृष्णातच्या नावानं. सरकारचा हिशोब चोख झाला होता. बुडालेल्या फुलांचं मात्र कुणीच काही दिलं नव्हतं. बाहेर पायरीवर टेकून ती रडली. कृष्णात दोन चहा घेऊन आला आणि शेजारी बसला.

दुसऱ्या दिवशी दूध घालायच्या वेळी ती डेअरीपुढं उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कृष्णातभाऊंनी एक रुपाया खाल्ला न्हाय. उलट पदरचं भरलं. कुणाला इचारायचं आसंल, त्यानं मला इचारावं." कुणी विचारलं नाही.

त्या पावसाळ्यात पिकाची नोंद ज्याची त्यानं मोबाईलवर करायची, असं फर्मान निघालं. नसरीन झेंडूच्या मधोमध उभी राहिली. फोटो काढला, पाठवला. चक्र गरगरलं आणि बंद पडलं. पुन्हा पाठवला, पुन्हा बंद. ऊन डोक्यावर आलं. बांधापलीकडं उसाच्या कडेला कृष्णातही मोबाईल आभाळाकडं धरून शिव्या घालत उभा होता.

"गेला का तुमचा?" तिनं हाक मारली.

"न्हाय अजून! तुमचा?"

"न्हाय. पण गेल्याबिगर मी काय हितनं हलत न्हाय," ती म्हणाली आणि पुन्हा बटण दाबलं.